पुस्तक कागदावरचे की पडद्यावरचे?

एकोडी (ता. साकोली, जि. भंडारा) : दिवाळीनंतरच्या मंडया आटोपल्या आणि धान घरात आले, की झाडीपट्टीतील गावांना थोडी उसंत मिळते. एकोडी हे याच धानपट्ट्यातील गाव. अशा गावांत एकेकाळी एका घरी आलेले वर्तमानपत्र चार ओसऱ्या फिरून संध्याकाळी मूळ घरी परतत असे. आज त्याच ओसरीवर प्रत्येकाच्या हातात स्वतःचा मोबाईल आहे. पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण त्यावर प्रश्नसंच चाळतो, शेतकरी धानाचे भाव पाहतो, शाळकरी मूल गृहपाठाचे उत्तर शोधते. यातील प्रत्येक जण काही ना काही वाचतच असतो. मग वाचनसंस्कृती लोप पावत असल्याची ओरड कशासाठी?

२०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची साक्षरता ८३.७६ टक्के होती. म्हणजे अक्षर ओळखणाऱ्यांची येथे वाण नाही. अडचण आहे ती एखादे पुस्तक हाती घेऊन शेवटच्या पानापर्यंत जाण्याची. ते पुस्तक कागदावर असावे की पडद्यावर, हा वाद गेली दोन दशके रंगतो आहे. या वादात बहुधा सोय, किंमत आणि नव्या पुस्तकाचा वास यांचीच चर्चा होते. गावाच्या दृष्टीने मात्र एक वेगळाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो : एकाने वाचलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते का?

ई-पुस्तक म्हणजे नेमके काय?

ई-पुस्तकाची कल्पना अनेकांना वाटते त्याहून जुनी आहे. ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या तरुणाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकित केला आणि तो इतरांना खुला केला. त्यातूनच ‘प्रोजेक्ट गटेनबर्ग’ हा मोफत ग्रंथांचा प्रकल्प उभा राहिला. सामान्य वाचकांपर्यंत ई-पुस्तक खऱ्या अर्थाने पोहोचले ते १९ नोव्हेंबर २००७ रोजी. त्या दिवशी अॅमेझॉन कंपनीने ‘किंडल’ हे वाचनयंत्र ३९९ डॉलर किमतीला बाजारात आणले.

अशा यंत्रात ‘ई-इंक’ नावाचा पडदा असतो. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण असून त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. विजेच्या साहाय्याने काळे कण वर आणले की अक्षर उमटते, पांढरे वर आणले की कोरी जागा दिसते. एकदा पान उमटले की ते तसेच ठेवण्यासाठी वीज लागत नाही. त्यामुळे असे यंत्र एकदा चार्ज केले की बरेच दिवस चालते. कागदाप्रमाणेच ते बाहेरच्या उजेडात वाचता येते आणि उन्हातही अक्षरे स्पष्ट दिसतात.

खेड्यातील वाचकाच्या हाती मात्र हे यंत्र सहसा नसते. त्याचे ई-पुस्तक म्हणजे मोबाईलवर कोणीतरी पाठवलेली पीडीएफ. पीडीएफ हे छापील पानाचे हुबेहूब चित्र असते. मोठ्या आकाराचे पान सहा इंचांच्या पडद्यावर वाचायचे तर एकेका ओळीसाठी ते डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते. २००७ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘ईपब’ या प्रकारात मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार आपोआप मांडला जातो आणि अक्षरे लहान-मोठी करता येतात. मराठीत मात्र अशी पुस्तके रुळायला फार वेळ लागला.

मराठी मागे का राहिली?

याचे कारण बरेचसे तांत्रिक आहे. जगातील सर्व लिप्यांसाठी एकच संकेतप्रणाली असलेल्या युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे. परंतु मराठी प्रकाशन व्यवसाय संगणकावर आला तो श्री-लिपि, आकृती, कृतिदेव यांसारख्या फॉन्टच्या आधाराने. या फॉन्टमध्ये मराठी अक्षर पडद्यावर दिसत असले, तरी संगणकाच्या लेखी तेथे भलतेच चिन्ह साठवलेले असते. फॉन्ट काढून घेतला की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उरते. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलताना रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. पुन्हा मुद्रितशोधन करावे लागते आणि तो खर्च छोट्या प्रकाशकाला पेलत नाही. परिणामी अनेक जुनी मराठी पुस्तके पीडीएफच्या किंवा स्कॅन केलेल्या पानांच्या रूपातच राहिली.

किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके अधिकृतपणे दाखल झाली ती डिसेंबर २०१६ मध्ये. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाईलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले. त्यामुळे मराठी ई-पुस्तक वाचकाच्या दारी आले तेव्हा त्याच दारातून चित्रफिती, गाणी आणि गप्पांचे लोंढेही आत शिरले. पुस्तकाची स्पर्धा आता दुसऱ्या पुस्तकाशी राहिलेली नाही. ज्या पडद्यावर ते उघडायचे, त्या पडद्यावरील इतर सगळ्याच गोष्टींशी त्याला झुंजावे लागते.

पडद्याचे उपकार

तरीही काही बाबतींत पडद्याचे उपकार मान्यच केले पाहिजेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचे वीस खंड खेड्यातील लहान वाचनालयाने विकत घेणे आणि ठेवणे कठीणच. तोच विश्वकोश आज इंटरनेटवर विनामूल्य खुला आहे. मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेही आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त होते. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे २०११ पासून त्यांची पुस्तके कोणालाही विनामूल्य प्रसृत करता येतात.

झाडीबोलीच्या दृष्टीने तर हा लाभ अधिकच मोलाचा आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा शब्दकोश सिद्ध केला आणि तिच्या साहित्याची चळवळ उभी केली. अशा बोलीतील कवितासंग्रहाच्या मोजक्या प्रती निघतात आणि त्या संपल्या की पुस्तक दुर्मीळ होते. पुनर्मुद्रणाचे धाडस कोण करणार? पोटापाण्यासाठी नागपूर, पुणे किंवा मुंबईला गेलेल्या झाडीच्या माणसापर्यंत ते पुस्तक पोहोचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग पडद्यातूनच जातो.

वाचलेले किती उरते?

नॉर्वेतील संशोधक अॅन मॅन्गेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहावीच्या ७२ विद्यार्थ्यांपैकी काहींना तेच उतारे कागदावर, तर काहींना संगणकाच्या पडद्यावर वाचायला दिले होते. कागदावर वाचणाऱ्यांना ते अधिक चांगले समजल्याचे दिसून आले. २०१८ मध्ये अशा ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांचा समावेश होता. माहितीपर मजकुराच्या आकलनात कागद सरस ठरला आणि वेळेचे बंधन असताना हा फरक आणखी वाढला. केवळ कथात्मक मजकूर वाचताना मात्र दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही.

या निष्कर्षांचा ग्रामीण विद्यार्थ्यांशी थेट संबंध आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास हा माहितीपर मजकुराचा आणि घड्याळाशी बांधलेला असतो. नेमका हाच अभ्यास आपली मुले मोबाईलवरील पीडीएफच्या ढिगातून करीत आहेत. स्वीडनसारख्या तंत्रप्रगत देशाने २०२३ मध्ये शाळांत पुन्हा छापील पाठ्यपुस्तकांवर भर देण्याचे ठरवले, ही बाबही पालकांनी विचारात घ्यावी अशी आहे.

पुस्तक कोणाचे?

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळू. छापील पुस्तक विकत घेतले की ते आपले होते. ते शेजाऱ्याला देता येते, वाचनालयाला भेट देता येते, नातवासाठी जपून ठेवता येते. ई-पुस्तक ‘खरेदी’ करताना आपण बहुतेक वेळा केवळ ते वाचण्याचा परवाना घेत असतो. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या विकलेल्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकल्या होत्या. प्रती विकणाऱ्याकडे त्यांचे हक्कच नव्हते, हे त्यामागील कारण. ग्राहकांना पैसे परत मिळाले आणि कंपनीने माफीही मागितली. परंतु विकलेले पुस्तक वाचकाच्या कपाटातून परत नेता येते, हे त्या दिवशी जगाला कळले. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेने अमेरिकेतील ग्रंथालयांना दिलेल्या ई-पुस्तकांवर अशी मर्यादा घातली, की २६ वेळा वाचकांना दिल्यानंतर ग्रंथालयाने परवाना पुन्हा विकत घ्यावा. कागदी पुस्तकाला अशी अट घालणे शक्य नाही. नीट बांधलेले पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहते.

करआकारणीतही भेद आहे. छापील पुस्तकांना जीएसटीतून सूट मिळाली. ई-पुस्तकांवर मात्र आधी १८ टक्के कर होता. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांसाठी तो २०१८ मध्ये ५ टक्क्यांवर आणण्यात आला.

गावाचे वाचनालय

फिरत्या पुस्तकाला एक घर लागते. ते घर म्हणजे वाचनालय. राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्यानुसार सुमारे १२ हजार ग्रंथालयांना शासनाची मान्यता मिळाली. मात्र या कायद्यात ग्रंथालयांसाठी स्वतंत्र उपकराची तरतूद नसल्याने सारा डोलारा शासकीय अनुदानावर उभा आहे. सर्वांत लहान ‘ड’ वर्गातील ग्रंथालयाला दीर्घकाळ वर्षाला ३० हजार रुपये मिळत असत. साधारण दहा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ही रक्कम ४८ हजारांवर गेली. म्हणजे महिन्याला ४ हजार. त्यातच कर्मचाऱ्याचे वेतन, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि ग्रंथखरेदी भागवायची. कागद हरतो आहे असे म्हणताना कागदाला आपण किती बळ दिले, याचाही हिशेब मांडायला हवा.

आशेच्या जागाही आहेत. सातारा जिल्ह्यातील भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ मे २०१७ मध्ये साकारले. तेथे घराघरांत पुस्तके ठेवून वाचकांसाठी दारे उघडण्यात आली. या योजनेच्या पुढील टप्प्यासाठी निवडलेल्या गावांत साकोलीच्या शेजारील गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधचा समावेश आहे. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या वास्तव्याने आणि लेखनाने मराठी वाचकाला परिचित झालेले हेच ते गाव. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने तर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरवल्या आणि त्या परदेशातील मराठी कुटुंबांपर्यंतही पोहोचल्या. चार-सहा गावांनी मिळून अशी पेटी फिरवायला मोठ्या निधीची गरज नाही.

तेव्हा कागद की पडदा, असा निवाडा करण्याची घाई नको. शब्दकोश, विश्वकोश, दुर्मीळ ग्रंथ आणि बोलीतील साहित्य पडद्यावर सुखाने नांदेल. लहान मुलांची पुस्तके, अभ्यासाचे ग्रंथ आणि निवांतपणे वाचायच्या कादंबऱ्या कागदावरच असाव्यात. वाचनालयात एक संगणक असावा आणि पुस्तकांच्या देवघेवीची नोंदवहीही असावी. पीडीएफ एका मिनिटात शंभर जणांना पाठवता येते, पण ती कोणी वाचली हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसते. नोंदवहीत मात्र आपल्या आधी ते पुस्तक कोणी नेले आणि केव्हा परत केले, हे लिहिलेले असते. त्या माणसाला उद्या पारावर गाठून पुस्तकाविषयी चार शब्द बोलता येतात. गावात वाचनाची सवय टिकते ती अशा बोलण्यातून.