खलनायकाचा अड्डा आणि स्वयंपाकघराची खिडकी

(चिंचवड इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)

आधी एक प्रश्न विचारतो. लहानपणी दिवाळीत किल्ला कुणीकुणी केलाय? हात वर करा... जवळजवळ सगळ्यांचेच हात वर आहेत. आता दुसरा प्रश्न. त्या किल्ल्याच्या आत कोण गेलं होतं? म्हणजे मावळा दरवाजातून आत नेला, जिना चढवला, खोलीत पोचवला, असं कुणी केलंय? बघा, आता दोनच हात राहिले.

आजचा विषय या दोन प्रश्नांच्या मधला आहे. आपला दिवाळीचा किल्ला बाहेरून बघायचा असतो. माती, दगड, पोती, वर हाळीव पेरलेलं, बुरुजावर मावळे. सुंदर दिसतो, पण आतून भरीव असतो. मला आज जो बनवून दाखवायचाय तो आत शिरायचा आहे. मिनिएचर वॉरगेमिंग नावाचा एक खेळ आहे. पटावर बोटभर उंचीचे सैनिक, अंतर मोजायला टेप, नशिबासाठी फासे, आणि लढाईला जागा म्हणून घरं, भिंती, टेकड्या. या जागेला खेळणारे 'टेरेन' म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

खेळ नवा नाही. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले, ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून घरातल्या जमिनीवर खेळण्यातल्या शिपायांशी खेळायचे नियम दिले. म्हणजे मोठ्या माणसांनी जमिनीवर बसून शिपाई सरकवणं याला शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. घरचे हसले तर हे सांगा.

या खेळात सगळ्यात लोकप्रिय टेरेन कुठलं? खलनायकाचा गुप्त अड्डा. अड्डा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर 'धडाकेबाज'मधला कवट्या महाकाळ येतो, 'शान'मधला शाकाल येतो, 'मिस्टर इंडिया'तला मोगॅम्बो येतो. आणि बनवायला बसलो की आपण काय करतो? कवटी, लाल दिवे, सिंहासन, मगरींचा हौद. मीही तेच केलं होतं. भाच्यासाठी थर्माकोलचा मोठा अड्डा केला, तीन आठवडे खपून. शेवटच्या दिवशी स्प्रे पेंट मारला आणि डोळ्यांदेखत बुरुज विरघळला. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, हे तेव्हा कळलं. कसंबसं दुरुस्त केलं. भाचा एकदा खेळला आणि म्हणाला, "मामा, छान आहे, पण यात करायचं काय?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याचं उत्तर मला सिनेमात मिळालं नाही, इथून पंधरा-वीस किलोमीटरवर मिळालं. पुण्यात, लाल महालात.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण आज ती टेरेन बनवणाऱ्याच्या नजरेनं ऐका. शाहिस्तेखान, औरंगजेबाचा मामा, १६६० च्या मे महिन्यात पुण्यात आला. लगेच त्यानं आपल्या या पट्ट्यातल्या चाकणला वेढा घातला. आज ज्या रस्त्यानं तुम्ही कंपनीच्या बसमधून जाता, तिथून संग्रामदुर्ग जवळच आहे. भुईकोट, लहानसा किल्ला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो ५६ दिवस लढवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून बुरुज सुरुंगानं उडवला आणि ऑगस्टमध्ये किल्ला पडला. हे मुद्दाम सांगतोय. भुयार खणून बुरुज उडवणारा माणूस अडाणी नसतो. आपल्या नाटकांत खानाला बऱ्याचदा घाबरट, गबाळा दाखवतात. पण खान मूर्ख ठरला की महाराजांचं धाडसही तेवढंच लहान होतं. खेळातही हेच. खलनायक जेवढा शहाणा, तेवढा अड्डा खेळण्यासारखा.

चाकण घेऊन खान पुण्याला परतला आणि लाल महालात राहिला. भोवती प्रचंड छावणी. आता गंमत बघा, अड्डा खलनायकाचा, पण घर कुणाचं? महाराजांचं. त्यांचं बालपण तिथे गेलेलं. कुठली भिंत जाड, कुठून स्वयंपाकघराकडे जायचं, हे हल्ला करणाऱ्याला पाठ होतं.

५ एप्रिल १६६३ ची रात्र. रमजानचा महिना. मोगल इतिहासकार खाफी खान लिहितो की लग्नाच्या वरातीच्या निमित्तानं मराठे आत आले. स्वयंपाकघर आणि जनानखान्याच्या बाजूची खोली यांच्यामध्ये एक लहान खिडकी होती. पडद्यासाठी ती विटा आणि मातीनं बंद केलेली होती. मराठ्यांनी ती पहारींनी फोडायला घेतली. आवाजानं एक नोकर जागा झाला, त्यानं जाऊन खानाला सांगितलं. खान त्याच्यावरच चिडला. स्वयंपाकी सहरीच्या तयारीला उठले असतील, म्हणाला. इकडे काही जणांनी नगारखान्यात जाऊन खानाच्या नावानं हुकूम दिला, वाजवा! नगाऱ्यांच्या गोंगाटात ओरडाआरडा कुणाला ऐकू येईना. पुढचं तुम्हाला माहीत आहे. खानाची बोटं तुटली, त्याचा मुलगा अबुल फतह मारला गेला, दासींनी खानाला ओढून सुरक्षित जागी नेलं.

आता सांगा, या अड्ड्याची चोरवाट कुणी बांधली? खानानं नाही. महाराजांनीही नाही. घरात बायकामाणसं आहेत, पडदा हवा, म्हणून खिडकी बंद केली. रोजे आहेत म्हणून पहाटे स्वयंपाकघर जागं. अशी खानाच्या रोजच्या जगण्यातून ती वाट तयार झाली. माझं आजचं सांगणं एवढंच आहे: चांगला अड्डा खलनायकाच्या सवयींवर बांधायचा, आणि त्याची कमजोर जागा त्याच सवयींतून आली पाहिजे. मगरींचा हौद नंतर.

आता हात घाण करू. एक गोष्ट स्पष्ट करतो, मूळ लाल महाल आज उभा नाही. कसब्यात आपण बघतो ती वास्तू पुणे महापालिकेनं गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात बांधली. त्यामुळे आपण करतोय ती हुबेहूब प्रतिकृती नाही, त्या रात्रीच्या घटना जिथे घडू शकतील अशी जागा आहे.

माप आधी. खेळातले सैनिक बहुधा २८ मिलिमीटरचे असतात, म्हणजे प्रमाण साधारण १:५६. खरा एक मीटर पटावर जवळपास १८ मिलिमीटर होतो. ६० बाय ६० सेंटिमीटरचा पट म्हणजे साधारण ३३ मीटरचा चौक झाला, एका वाड्याला पुरेसा. पण इथे सगळे चुकतात. मीटरभर रुंदीचं दार प्रमाणात केलं तर १८ मिलिमीटर येतं, आणि सैनिकाच्या पायाखालची चकती असते २५ मिलिमीटरची. सैनिक दारातच अडकतो! म्हणून दार किमान ३० ठेवा. बोळ ५५ ठेवा, म्हणजे दोघं शेजारून जाऊ शकतील. भिंत ५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर हात आत पोचत नाही. बघण्याच्या किल्ल्यात प्रमाण महत्त्वाचं, खेळण्याच्या अड्ड्यात बोटं.

साहित्य. थर्माकोल टाळा, त्याचे दाणे सुटतात. एक्सपीएस म्हणून दाट फोमची शीट मिळते, गच्चीच्या उष्णतारोधक कामात आणि शीतगृहांत वापरतात. दहा मिलिमीटर जाडीची भिंतींना उत्तम. साध्या बॉलपेननं दाबून रेघा ओढल्या की विटा तयार. अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा करून दाबला की दगडाचा खडबडीतपणा येतो. मग फेविकॉल आणि काळा अॅक्रेलिक रंग मिसळून एक हात द्या, वाळू द्या, वरून विटकरी आणि मातकट रंग कोरड्या ब्रशनं. स्प्रे एक्सपीएसलाही चालत नाही, ते आधीच सांगतो! छपराला खोक्याचा पुठ्ठा घ्या. वरचा कागद ओला करून सोलला की आतल्या लाटा दिसतात, तीच कौलं. या पट्ट्यात पुठ्ठ्याला तोटा नाही, भंगारवाल्याकडे सुट्या भागांची खोकी ढिगानं असतात. फक्त पुठ्ठा दोन्ही बाजूंनी रंगवा. एकाच बाजूनं ओला झाला तर वाळताना वाकतो. फोम गरम तारेनं कापत असाल तर खिडक्या उघड्या ठेवा, धूर वाईट असतो.

आता छप्पर निघालं पाहिजे, कारण खेळ आत आहे. इथे तुमच्यापैकी टूलरूमवाल्यांना कौतुक वाटेल. छप्पर बसवायला दोन पिना द्या, पण एक कोपऱ्यात आणि दुसरी मध्याच्या थोडी बाजूला. म्हणजे ते एकाच दिशेनं बसतं. फिक्श्चरमध्ये आपण हेच करतो. खेळाच्या भरात कुणी उलटं बसवून कौलं मोडत नाही.

मुख्य गोष्ट, बंद खिडकी. एक नाही, तीन करा, स्वयंपाकघराच्या वेगवेगळ्या भिंतींत. प्रत्येकीत विटांचा तुकडा लहान चुंबकांनी बसवा, ५ मिलिमीटर व्यासाची पुरतात. चिकटवण्याआधी चुंबकाच्या बाजूवर पेननं खूण करा. एक जरी उलटा चिकटला तर विटा बसायच्या ऐवजी उडून बाहेर येतात. तिन्ही खिडक्या दिसायला सारख्या, पण कच्ची एकच. कुठली, ते हल्ला करणारा खेळाडू सुरुवातीला चिठ्ठीवर लिहून पालथी ठेवतो. राखणाऱ्याला माहीत नाही. घर कुणाचं, हे लक्षात आहे ना?

नियम थोडेच. खिडकी फोडायला तीन डाव लागतात. प्रत्येक डावाला एक आवाजाची खूण ठेवायची आणि फासा टाकायचा. फासा खुणांएवढा किंवा कमी आला तर कुणीतरी जागं झालं. पण पहिला इशारा फुकट जातो, कारण खान नोकरावर चिडतो! दुसऱ्या इशाऱ्याला मात्र पहारेकरी धावतात. नगारखाना ताब्यात आला तर आवाजाच्या सगळ्या खुणा काढून टाका. दिवे वेगळे ठेवा, उचलता येतील असे. दिवा असेल त्या खोलीत सगळं दिसतं, विझला की हाताएवढ्या अंतरापलीकडे काही नाही. दिवे राखणाराही विझवू शकतो.

आणि एक नियम मी आग्रहानं ठेवतो. त्या रात्री अंधारात बायकाही जखमी झाल्या, मारल्या गेल्या. ते घडलेलं आहे, लपवायचं नाही. म्हणून खोल्यांत निःशस्त्र माणसांच्या आकृत्या ठेवा. त्यांना इजा झाली की हल्ला करणाऱ्याचे गुण कापा. खेळणाऱ्याचा हात तिथे थबकला पाहिजे.

शेवटचं, बाहेर पडणं. आत शिरण्यावर खेळ संपवू नका. छावणी जागी झालीय, तिच्यातूनच निघायचंय. पटाच्या दोन कडा सुटकेसाठी ठेवा, कुठली खरी ते पुन्हा चिठ्ठीवर.

आता तुमचा अड्डा कल्पनेतला असेल, ज्वालामुखीतला, समुद्राखालचा, तरी मापं आणि पुठ्ठा तोच. आधी कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. हा माणूस जेवतो कुठे? तो कशाला भितो? आणि आपल्या माणसांपैकी कुणाचं ऐकत नाही? तिसऱ्या उत्तरात चोरवाट सापडते.

एक प्रश्न आलाय: "दिवाळीच्या किल्ल्यात हे जमेल का?" जमेल ना. माती तशीच राहू द्या. फक्त एक वाडा आतून पोकळ करा, छप्पर निघेल असा. भाऊबीजेला आलेल्या भाचरांना सांगू नका कुठली खिडकी कच्ची आहे. माझ्या भाच्यासाठी मी दुसऱ्यांदा हाच महाल केला. पहिल्या डावात त्यानं खानाची बाजू घेतली. हरला. मग पट सरळ करत म्हणाला, "मामा, परत. या वेळी मी त्या नोकराचं ऐकणार."