चाळीस मिलिसेकंदांतला दशावतार

दशावताराच्या एका जुन्या चित्रीकरणाची डीव्हीडी इन्सुलीतल्या एका घरी चालू होती. युद्ध रंगात आलं आणि गिरकी घेता घेता राजा मध्येच थिजला. पखवाज मात्र वाजतच राहिला. टीव्ही नवा, मोठ्या पडद्याचा. त्याला जोडलेला संगणक जुना, २.८ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर. ‘प्रोसेसर कमी पडता,’ असा घरच्यांचा निकाल. मला तो पटेना, म्हणून दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांच्या बाजूला ठाण मांडलं.

“पयली धूळ काढूया, मगे स्पीडचा बघूया,” ते म्हणाले. झाकण काढताच तापलेल्या धुळीचा वास खोलीभर पसरला. पंख्याखाली धुळीचा चक्क नमदा बसला होता. हा प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे खोक्यावर छापलेले २.८ गिगाहर्ट्झ त्या घरात कधी पुरते मिळतच नसणार.

साफसफाईनंतर अडखळणं कमी झालं, पण युद्ध आलं की पुन्हा तेच. “चाळीस मिलिसेकंद गावतत. त्याच्यात बसला तर बसला.”

या चाळीस मिलिसेकंदांचा हिशेब मी कागदावर मांडला. आपल्याकडच्या डीव्हीडीत सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे एका चित्राला ४० मिलिसेकंद. तेवढ्यात चित्र उलगडायचं, सम-विषम ओळींचे दोन भाग जुळवायचे आणि ७२० बाय ५७६ चं १९२० बाय १०८० करायचं. ४,१४,७२० पिक्सेलचे २०,७३,६०० झाले; बरोबर पाचपट. २.८ गिगाहर्ट्झच्या वेगाने चाळीस मिलिसेकंदांत या प्रोसेसरचे ठोके पडतात ११ कोटी २० लाख, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम ५४. चित्र ताणण्यासाठी प्लेअरमध्ये निवडलेली लँकझोस पद्धत एका नव्या पिक्सेलसाठी आजूबाजूच्या ३६ पिक्सेलपर्यंत चौकशी करते. त्यात हालचाल अधिक सफाईदार हवी म्हणून सेकंदाला ५० चित्रं मागितली, की चाळीसचे वीसच उरतात. गिरकीत राजा थिजणारच.

गृहस्थांनी ती पद्धत बंद केली आणि चित्र ताणायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवलं. कडा थोड्या मऊ झाल्या, पण राजाने गिरकी पुरी केली. मी ती तीनदा मागे नेऊन पाहिली.

दुकानात गिगाहर्ट्झ सांगून संगणक विकतात, याचा मला जुना राग आहे. २००६ साली आलेल्या कोअर टू ड्युओंपैकी एक १.८६ गिगाहर्ट्झचा होता, तरी तो या पेंटियमच्या पुढे होता, कारण कोअर दोन आणि एका ठोक्यात उरकणारं काम जास्त. आज तर प्रोसेसरमध्येच बसवलेली साधी ग्राफिक्स चिपही हे ताणकाम सहज करते. शिवाय चेहऱ्यावरच्या रंगाची जी रेघ कॅमेऱ्याने टिपलीच नाही, ती लँकझोसही आणू शकत नाही. ही पद्धत फक्त अंदाज बांधते.

तेव्हा तुमच्या घरी असं अडखळलं, तर आधी पंखा साफ करा. मग व्हीएलसीच्या ‘टूल्स’मध्ये ‘मीडिया इन्फर्मेशन’ उघडून, आकडेवारीत गळालेल्या फ्रेम वाढताहेत का ते पाहा. वाढत नसतील तर नवा संगणक घेऊ नका. ते पैसे जत्रेतल्या दशावताराच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट उतरवून घ्यायला लावा; कोकणच्या पावसात त्यांना बुरशी धरते.