पुस्तकात छापले म्हणून खरे?

रविवारी विहारातल्या अभ्यासवर्गात सहावीतल्या एका मुलीने वहीत ७ × १३ = ९१ असे लिहिले आणि लगेच खोडून टाकले. का, असे विचारले तर म्हणाली, "सर, गाईडमध्ये ९१ मूळ संख्या म्हणून दिलीय." तिचे बरोबर होते, गाईड चुकले होते. पण खोडरबर फिरला तो तिच्याच उत्तरावर!

जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. अशा मोठ्या संख्या शोधण्याची एक जुनी वाट आहे. २ हा आकडा ठराविक वेळा घेऊन गुणाकार करायचा आणि त्यातून १ वजा करायचा. पाच वेळा घेतला की ३१, सात वेळा घेतला की १२७, दोन्ही मूळ. जितक्या वेळा २ घ्यायचा तो आकडाही मूळच असावा लागतो. पण तेवढ्याने भागत नाही. अकरा वेळा घेतला तर २०४७ येतात, आणि २०४७ म्हणजे २३ × ८९.

फ्रान्समधील ख्रिस्ती संन्यासी मारँ मर्सेन यांनी १६४४ साली अशा संख्यांची यादी छापली. तीत २ सदुसष्ट वेळा घेऊन येणारी संख्या मूळ म्हणून दिली होती. मोठा विद्वान, छापील ग्रंथ! दोनशेहून अधिक वर्षे ती चूक तशीच राहिली. १८७६ साली एदुआर ल्युका यांनी ती संख्या मूळ नाही हे सिद्ध केले, पण तिचे अवयव हाती लागले नाहीत. ते १९०३ साली अमेरिकेतील प्राध्यापक फ्रँक कोल यांनी मांडले:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ = १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

असे सांगतात की, सभेत कोल एक शब्दही बोलले नाहीत. फळ्यावर दोन्ही बाजूंचा हिशेब केला, मेळ बसला, आणि ते जागेवर जाऊन बसले. या कामाला त्यांचे तीन वर्षांचे रविवार लागले, अशीही आठवण सांगितली जाते.

मर्सेन यांच्याच यादीतील १२७ ची ३९ अंकी संख्या मात्र ल्युका यांनी १८७६ सालीच खरोखर मूळ ठरवली. म्हणजे मर्सेन खोटे बोलत नव्हते; तपासणी तेवढी राहिली होती. २०२४ साली लूक ड्युरांट यांना १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ वेळा २ घेऊन येणारी मूळ संख्या सापडली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. तीसुद्धा वेगवेगळ्या संगणकांवर, वेगवेगळ्या प्रोग्रामने पुन्हा तपासल्यावरच जाहीर झाली.

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, एवढ्यावरून मानू नका. स्वतः पारखून घ्या. बाबासाहेबांनी आपल्याला दिला तो हाच धम्म.

तेव्हा माता-पित्यांनो, मुलाने "हे कसं?" असे विचारले तर "उलट बोलू नको" म्हणून गप्प करू नका. स्वतःला येत नसेल तर त्याच्याबरोबर बसून ताळा करून पाहा.

त्या मुलीला मी ते उत्तर त्याच जागी पुन्हा लिहायला लावले. या वेळी पेनाने.