वेठ, वतन आणि शाहू जयंती



जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि पुस्तकांचे वाटप पुरते उरकले नाही तोच 26 जून, राजर्षी शाहू छत्रपतींची जयंती, येऊन ठेपते. गावोगावच्या शाळांत प्रतिमापूजन होते, प्रभातफेरी निघते, मुलांची भाषणे होतात. अशा बऱ्याच समारंभांना उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला आहे. भाषणांतून कुस्ती येते, शिकार येते, राधानगरीचे धरण येते. एका शाळेत चौथीतील एका मुलीने "महाराजांनी वेठबिगार बंद केली" हे वाक्य मोठ्या ठसक्यात म्हटले. कार्यक्रम संपल्यावर तिला जवळ बोलावून वेठ म्हणजे काय, असे सहज विचारले. ती म्हणाली, "तो एक रोग होता, देवीसारखा."

ऐकून प्रथम हसू आले. पण त्या उत्तरात मुलीचा दोष नव्हता. वेठ हा शब्द आपण मुलांच्या तोंडी देतो, पण तो उलगडून सांगत नाही. आणि तो उलगडल्यावाचून महाराजांनी नेमके काय केले हे मुलांस कळणे शक्य नाही.

वेठ म्हणजे मोबदल्यावाचून सक्तीने करावयाचे काम. अंमलदाराचा मुक्काम गावी पडला की त्याच्या घोड्यास गवत, चुलीस सरपण आणि सामानास माणूस गावाने पुरवावयाचा. निरोप आला की हातातील काम टाकून निघावे लागे, मग शेतात पेरणी चालू असो की घरात आजारी माणूस असो. हा जाच अनेक जातींच्या गरिबांना होता. परंतु महार समाजाच्या वाट्यास आलेली चाकरी याहून कठोर होती, कारण ती वतनाने बांधलेली होती.

वतन या शब्दाभोवती आपल्याकडे मानाचे वलय आहे. पाटलाचे वतन, देशमुखाचे वतन म्हटले की प्रतिष्ठा डोळ्यांपुढे येते. महारवतनाची गोष्ट निराळी होती. सरकारी टपाल पोहोचविणे, खजिन्याबरोबर चालणे, चावडीवर माणसे बोलावून आणणे, गावची शीव राखणे, मेलेली गुरे ओढणे, मयताची खबर परगावी नेणे, अशी ही कामे. त्यांना वेळकाळ नव्हता, की अमुक एका माणसाचीच ती नेमणूक नव्हती. घरातील कर्ता पुरुष परगावी असला तर म्हातारा बाप किंवा पोरगा चावडीवर हजर व्हावयाचा. त्याबदली समाईक इनामाची थोडी जमीन आणि दारोदार मागून आणावयाचे बलुते. वारस वाढत गेले तसा त्या जमिनीचा वाटा तळहाताएवढा उरला, चाकरी मात्र तसूभर कमी झाली नाही. अमेरिकेतील मळ्यांवरच्या गुलामाच्या पायात बेडी दिसत असे. इथली बेडी सरकारी दप्तरात होती, म्हणून ती दिसत नसे.

ही बेडी शाहू छत्रपतींनी 1918 मध्ये करवीर राज्यात तोडली. महारवतने रद्द झाली. एवढे सांगून थांबू नये, कारण खरी दूरदृष्टी पुढच्या गोष्टीत आहे. नुसती चाकरी बंद केली असती तर चाकरीबरोबर तिच्यापोटी मिळालेली जमीनही गेली असती, आणि मोकळा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी पोटासाठी त्याच चावडीपुढे उभा राहिला असता. महाराजांनी त्या जमिनी रयतावा करून कसणाऱ्यांच्या नावे करून दिल्या. पुढे 1920 मध्ये वेठीची पद्धतही कायद्याने बंद झाली. शेजारच्या मुंबई इलाख्यात हेच काम किती अवघड गेले ते पाहिले म्हणजे याचे मोल कळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथील कायदेमंडळात 1928 साली वतनासंबंधी विधेयक मांडले, पण ते संमत होऊ शकले नाही. कनिष्ठ गाववतने नाहीशी करणारा कायदा मुंबई राज्यात होण्यास 1958 साल उजाडावे लागले.

या विचाराचे मूळ जोतीराव फुल्यांपर्यंत जाते. त्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. तेथील गुलामगिरी घटनादुरुस्तीने 1865 मध्ये संपली होती. तिच्याविरुद्ध लढलेल्यांपैकी फ्रेडरिक डग्लस यांची हकीकत शिक्षकांनी अवश्य सांगावी. डग्लस जन्माने गुलाम. बाल्टिमोर शहरात धनिणीने त्यास मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा धन्याने तिला थांबविले. शिकलेला गुलाम गुलाम राहणार नाही, हे तो पक्के ओळखून होता. मग हा मुलगा खिशात भाकरीचे तुकडे घेऊन निघे आणि गल्लीतील गोऱ्या पोरांस ते देऊन त्यांच्याकडून अक्षरे शिके. 1838 मध्ये तो पळून मुक्त झाला आणि पुढे मोठा वक्ता व लेखक झाला.

ही गोष्ट ऐकली म्हणजे करवीरच्या हुकुमांचा क्रम नीट ध्यानात येतो. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा 1917 चा. त्यानुसार 1918 मध्ये करवीर भागातील चिखली येथे पहिली शाळा सुरू झाली. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. वतने रद्द झाली तीही 1918 मध्येच. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम निघाला. चाकरीला हजर व्हावयाचा मुलगा आता शाळेच्या हजेरीपटावर आला. आपल्या हातातील हजेरीपटाकडे या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते.

महाराजांचे 6 मे 1922 रोजी मुंबईत निधन झाले. त्यांचे पहिले स्मारक कोणी उभारले, हेही मुलांना सांगावे. संस्थानच्या चाकरीत असताना पाण्याला शिवल्यावरून ज्यांनी मार खाल्ला, आणि महाराजांच्या आधाराने ज्यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान घातले, ते गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेऊन 1925 मध्ये नर्सरी बागेत ते उभे केले.

पाठ घेताना एक प्रयोग करून पाहावा. मुलांना घरी आजीआजोबांकडे वेठ, बलुते, येसकर, चावडी या शब्दांविषयी विचारण्यास सांगावे. काही घरांतून भरभरून उत्तरे येतील. काही घरांतून मौन येईल. मौन आले तर वर्गात त्या मुलाकडे बोट दाखवू नये, जातीचा उल्लेख कोणा मुलाकडे पाहून करू नये. महाराजांच्या कामाची गोष्ट सांगताना त्याच मुलाची मान खाली जावी, याहून मोठा प्रमाद नाही.

संविधानाच्या 23 व्या अनुच्छेदाने बिगार निषिद्ध आहे आणि वेठबिगार पद्धती नष्ट करणारा केंद्रीय कायदा 1976 चा आहे. तरीही आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून, मराठवाड्यातून तोडणीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हंगामात फिटली नाही तर ती पुढील हंगामावर चढते. प्रत्येक टोळीस वेठ म्हणणे अन्यायाचे होईल. पण उचलीपायी जेथे माणसाला काम सोडून जाता येत नाही, तेथे दुसरा शब्द सापडत नाही. आईबाप फडात असताना त्यांची मुले खोपीपाशी धाकटी भावंडे सांभाळतात. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यान्वये वर्ष निम्मे सरले असले तरी अशा मुलास प्रवेश नाकारता येत नाही. दाखला नाही ही सबबही चालत नाही. ही मुले जूनमध्ये आपल्या पटावर नसतात आणि जयंतीचे भाषण त्यांनी ऐकलेले नसते. ती दिवाळीच्या सुमारास येतात. खोपी पडल्या की एकदा तिकडे जाऊन यावे, मुले वर्गात आणावीत आणि हा पाठ त्यांच्यासाठी पुन्हा घ्यावा.