आधी कोणते पोवळे मरते?

माझ्या आजीच्या माळेत लाल पोवळे आहे. ते परदेशातल्या खोल समुद्रातले. मी सांगणार आहे ते वेगळे पोवळे आहे. हे पोवळे समुद्रात खडक बांधते. पुस्तकात त्याला प्रवाळ म्हणतात. आमच्या मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला ते आहे.

मला आधी वाटायचं, हा दगडच आहे. पण आजोबा म्हणाले, "ह्यो धोंडो नाय रे, जिवंत आसा." आजोबा होडी घेऊन मासे पकडायला जातात. त्यांना ठाऊक आहे की गोबरा मासा अशाच धोंड्याच्या कपारीत लपतो. पोवळे मेले तर मासे राहतील कुठे? म्हणून मी गुरुजींना खूप प्रश्न विचारले.

गुरुजींनी सांगितले ते असे. पोवळ्याचा एक प्राणी अगदी लहान असतो. असे हजारो प्राणी चिकटून राहतात आणि आपल्याखाली चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे शेवाळ राहते. हे शेवाळ उन्हावर अन्न तयार करते आणि बरेचसे पोवळ्याला देते. भाडेकरूने घरमालकाला रोज जेवण द्यावे तसेच! पोवळ्याचा बराचसा रंगसुद्धा या शेवाळाचाच असतो.

आता गंमत नाही, संकट आहे. कोळसा आणि पेट्रोल जाळून जो वायू होतो, तो हवेतली उष्णता अडवून धरतो. त्यामुळे समुद्र तापतो. उन्हाळ्यात जेवढे पाणी नेहमी तापते त्याहून फक्त एक अंश जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी पोवळे आजारी पडते. ते शेवाळाला अंगाबाहेर टाकते आणि पांढरेफटक होते. तेव्हा ते मेलेले नसते, उपाशी असते. पाणी लवकर थंड झाले तर शेवाळ परत येते. नाहीतर पोवळे उपासाने मरते.

पण सगळी पोवळी सारखी मरत नाहीत. हे मला सर्वात नवल वाटले. एका जातीच्या पोवळ्याला हरणाच्या शिंगासारख्या फांद्या असतात. तिचे नाव अक्रोपोरा. आम्ही वर्गात तिला शिंगपोवळे नाव दिले. दुसरी जात मोठ्या धोंड्यासारखी गोल. तिचे नाव पोरायटीस. तिला आम्ही धोंडपोवळे म्हणतो. शिंगपोवळे वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा जास्तसुद्धा वाढते. धोंडपोवळे जेमतेम एक सेंटिमीटर. शिंगपोवळ्याचे अंग पातळ असते. धोंडपोवळ्याचे अंग जाड असते, त्यात साठवण जास्त असते. म्हणून पाणी तापले की शिंगपोवळे आधी मरते आणि धोंडपोवळे पुष्कळदा तग धरते.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा आमच्या परड्यातला शेवगा कडाकडा मोडला. जुना आंबाही मुळासकट पडला. शेवग्याला दुसऱ्या वर्षी शेंगा आल्या. आंब्याची जागा अजून रिकामी आहे. पोवळ्याचेही असेच. शिंगपोवळे लवकर मरते पण लवकर वाढते. धोंडपोवळे सहसा मरत नाही, पण मेले तर तेवढे व्हायला कितीतरी वर्षे लागतात.

ऑस्ट्रेलियाजवळ ग्रेट बॅरिअर रीफ नावाची पोवळ्यांची रांग आहे. ती २३०० किलोमीटर लांब आहे. मालवणहून दिल्लीसुद्धा एवढी लांब नाही! २०१६ साली तिथे पाणी फार तापले आणि सुमारे ३० टक्के पोवळे मेले. त्यात शिंगपोवळे फार होते. २०१७ आणि २०२० साली पुन्हा पाणी तापले. तरी २०२२ साली उत्तर आणि मध्य भागात ३६ वर्षांतले सर्वात जास्त पोवळे मोजले गेले. हे कोणी केले? त्याच शिंगपोवळ्याने, भराभर वाढून. पण २०२४ साली पुन्हा पाणी तापले आणि ते पुन्हा पुष्कळ मेले. त्याला नीट भरून यायला दहा-पंधरा वर्षे तरी हवीत. एवढी सवडच मिळत नाही.

तिथेच एक भले मोठे धोंडपोवळे आहे. २०२१ साली शास्त्रज्ञांनी ते मोजले. रुंदी दहा मीटरपेक्षा जास्त, म्हणजे आमच्या वर्गापेक्षा मोठे! वय ४२१ ते ४३८ वर्षे. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० सालचा, म्हणजे ते पोवळे त्यांच्याही आधीपासून आहे. तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत त्याला मुगा धंबी नाव दिले आहे. त्याचा अर्थ मोठे पोवळे.

आमच्या मालवणला पावसाळ्यात पाणी गढूळ होते. असे पाणी सोसणारे धोंडपोवळे आणि त्याच्यासारख्या जाती इथे जास्त आहेत. १९८७ साली इथे सागरी अभयारण्य झाले. मी म्हटलं, मग आपल्याला भीती नाही! पण गुरुजी म्हणाले, तसे नाही. मालवणला पांढऱ्या पडलेल्या पोवळ्यावर शास्त्रज्ञांचा लेख २०१५ सालीच छापून आला आहे. म्हणजे जाड अंगाचे पोवळेसुद्धा किती दिवस सोसणार? त्यात काही पर्यटक पाण्यात उतरून त्याच्यावरच उभे राहतात. मला त्यांचा राग येतो. आजारी माणसाच्या अंगावर कोणी उभं राहतं का?

समुद्र थंड करणे आजोबांच्या हातात नाही. पण पोवळ्याची जागा त्यांना पाठ आहे. तिथे ते नांगर टाकत नाहीत. थोडी पुढे वाळू आहे, तिथे टाकतात. परवा मला होडीतून बोट दाखवून म्हणाले, "थंय बग, काळां दिसता ना, तांच ता." मी वाकून बघितलं. काळंच दिसत होतं, पांढरं नव्हतं.

— इयत्ता चौथी