फोटोमागची नावं

मुलाकडे लंडनला गेले होते. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची दुकानं हिंडून पाय भरून आले, तशी सून म्हणाली, "आई, इथे जवळच फोटोंची गॅलरी आहे. बघू या?" चार पायऱ्या उतरून रॅमिलीज स्ट्रीटवर आलो, तो समोरच 'द फोटोग्राफर्स गॅलरी'!

नुसते फोटो काय बघायचे, असं वाटलं खरं. पण माहिती ऐकून थक्क झाले. १९७१ साली स्यू डेव्हिस या बाईंनी घरावर कर्ज काढून, एका जुन्या चहाच्या दुकानाच्या जागेत ही गॅलरी थाटली. आताच्या इमारतीत नूतनीकरणानंतर ती २०१२ साली पुन्हा सुरू झाली.

मला भावल्या त्या फोटोंजवळच्या छोट्या पाट्या. कोणी काढला, कुठे, कधी, सगळं लिहिलेलं. आणि आमच्या घरी? आईच्या एकुलत्या एका फोटोत तिच्या शेजारच्या दोघी कोण, हे सांगायला आता कुणीच उरलेलं नाही.

परत आल्यावर जुने फोटो घेऊन सासूबाईंजवळ बसले. त्या सांगत गेल्या, मी मागे कडेला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहीत गेले. (बॉलपेन नको हं, पुढे वळ उमटतात!) एका फोटोत कोपऱ्यात परकरातली एक मुलगी उभी होती.

"ही कोण हो?"

"अगं, मीच की!"

तीस वर्षं तो फोटो मी पुसत होते. मैत्रिणींनो, विचारायला माणूस आहे तोवर विचारून घ्या.