आयलेट पडदा
आयलेट पडदा म्हणजे वरच्या पट्टीत बसवलेल्या गोल कड्यांतून दांडा ओवून टांगला जाणारा पडदा होय. एकमेकांत दाबून बसणाऱ्या दुभागी प्लॅस्टिक कड्यांमुळे तो घरीही तयार करता येतो. त्यासाठी हातोडी वा यंत्र लागत नाही.

कापड : चुण्या नीट पडाव्यात म्हणून कापडाची रुंदी दांड्याच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट घेतात. सुती कापड धुतल्यावर आटते. म्हणून ते बेतण्यापूर्वी धुऊन वाळवतात.

कृती : वरची कड दुमडून तिच्यात बकरमची पट्टी घालून शिवतात. साधारण १५ सेंटिमीटर अंतरावर खडूने वर्तुळे आखून कापतात व कडीचे दोन्ही भाग समोरासमोर ठेवून दाबतात. कडीचा आतील व्यास दांड्याच्या जाडीपेक्षा सुमारे १ सेंटिमीटर अधिक असावा. अन्यथा पडदा सरकवताना अडतो.

कड्यांची संख्या : प्रत्येक पडद्यात कड्या सम संख्येने असाव्या लागतात. दांडा दर्शनी बाजूने पहिल्या कडीत घातल्यास सम कड्यांमुळे पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. विषम कड्या असल्यास एक कड खोलीकडे वळून राहते. कापलेले छिद्र पूर्ववत करता येत नसल्याने कात्री लावण्यापूर्वीच खुणा मोजून घेतात.